लाल्याचे काळे पंख

ही हकिकत पेंटर स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि सांगताना स्वतःला अशी एकेक विशेषणं लावतो की शेवटी ऐकणाऱ्यालाच मध्ये पडून "जाऊ द्या हो" म्हणावं लागतं. त्यातली निम्मी विशेषणं इथे गाळली आहेत. उरलेली त्याची कमाई आहे, ती त्याच्याकडून काढून घेणं बरं नाही.

तो पक्ष्यांच्या उद्यानात पाट्या रंगवायचा. प्रत्येक पिंजऱ्यापुढे एक पत्र्याची पाटी असते ना, वर पक्ष्याचं चित्र, खाली त्याचं नाव, तो काय खातो आणि त्याला ओळखायचं कसं, त्या सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या. ऐंशीच्या वर होत्या. उन्हाने रंग उडाले की पाटी उतरवायची, खरवडायची आणि नव्याने रंगवायची. सगळ्या पाट्या एकदा होईपर्यंत पहिली पुन्हा उडालेली असायची, त्यामुळे काम कधी संपत नसे. दुसरा कोणी असता तर त्याने जुन्या पाटीवर कागद ठेवून छाप उचलला असता आणि चहाला गेला असता. आमचा पेंटर तसला नव्हता. तो पिंजऱ्यासमोर ठाण मांडायचा, अर्धा दिवस नुसता बघायचा आणि मग ब्रश उचलायचा. आसपास कोणी प्रेक्षक रेंगाळत असतील तर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "मी पुस्तक बघून रंगवत नाही, पक्षी बघून रंगवतो. पुस्तक चुकेल, फोटो चुकेल, ही नजर चुकायची नाही."

नजरेबद्दल तो इतक्या वेळा बोलला होता की घरी बायको भाजी निवडताना एखादी अळी राहिली की म्हणायची, "अहो, तुमची ती नजर जरा इकडे आणा."

फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांच्या रांगेत एक टॅनेजर होता. दूरच्या उष्ण जंगलातला गाणारा पक्षी, मूठभर अंगाचा, आणि आला तेव्हा असा लाल की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. डोकं, छाती, पाठ सगळं भडक लाल, आणि पंख नि शेपूट काळीकुट्ट. पेंटरने तेव्हा त्याची पाटी रंगवताना लाल रंगाचा अख्खा डबा संपवला होता आणि त्याचं कौतुक पुढे महिनाभर स्वतःच केलं होतं.

या रांगेचं सगळं काम मावशींकडे होतं. त्या कोणाच्या मावशी होत्या ते कोणालाच माहीत नव्हतं, पण साहेबांपासून सगळे त्यांना मावशीच म्हणत. सकाळी पपई, केळी, पेरू यांच्या फोडी करायच्या, थाळ्या लावायच्या, पिंजरे झाडायचे, पाणी बदलायचं, हे त्या बावीस वर्षं करत होत्या. टॅनेजरला त्या 'लाल्या' म्हणत. त्याच्या फोडींवर त्या एका डब्यातली लाल भुकटी भुरभुरवत. पुढे एकदा ती भुकटी संपली. मावशींनी कोठारात दोनदा सांगितलं, कोठाराने दोनदा "बघू" म्हटलं, आणि विषय तिथेच राहिला.

मग पिंजऱ्यांची दुरुस्ती निघाली. जाळ्या गंजल्या होत्या. तीन महिने सगळे पक्षी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवले. त्याच शेडमध्ये दुसऱ्या एका उद्यानात जायचे काही पक्षीही मुक्कामाला होते. दुरुस्ती झाली, पक्षी परत आले, आणि पेंटर नव्या पाट्या करायला बसला. टॅनेजरच्या पिंजऱ्यापुढे येऊन बघतो तर काय, लाल्या लाल नव्हता. गाजराची साल उन्हात वाळवावी तसा, धड केशरी नाही, धड मातकट नाही, असा काहीतरी विटका रंग.

पेंटरने त्या दिवशी अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस बघितलं. संध्याकाळी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. निदान त्याला तो प्रकाश वाटला. कचेरीच्या कपाटात पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. पुस्तक न बघण्याची प्रतिज्ञा जरा बाजूला ठेवून त्याने ते उघडलं. नर: भडक लाल, पंख काळे. मादी: तांबूस, मातकट, पंख तपकिरी, चोच करडी. संपलं! शेडमध्ये अदलाबदल झाली. आपला नर गेला त्या दुसऱ्या उद्यानात आणि त्यांची मादी आली आपल्याकडे. कोणाच्या लक्षातही आलं नाही, आलं ते फक्त त्याच्या.

त्याने मावशींना सांगितलं तेव्हा त्या थाळ्या धूत होत्या.

"काहीतरीच काय," त्या म्हणाल्या. "हा लाल्याच आहे."

"मावशी, रंग बघा."

"रंग उतरलाय त्याचा. पण आहे लाल्याच. मी रोज खायला घालते, मला कळणार नाही?"

त्यावर पेंटरने जे उत्तर दिलं ते तो आजही सांगताना डोळे मिटून घेतो. तो म्हणाला, "मावशी, तुमची माया आहे, माझी नजर आहे."

नवी पाटी लागली. चित्रात विटक्या केशरी रंगाचा पक्षी, त्याला तपकिरी पंख आणि करडी चोच, आणि नावापुढे ठळक अक्षरांत 'मादी'. पाटी साहेबांनी बघितली. साहेबांनी फाईल मागवली. फाईलमध्ये 'नर' होतं. आता पाटी खरी की फाईल, असा प्रश्न उभा राहिला, आणि पेंटरला बोलावणं गेलं. पेंटरने साहेबांसमोर दहा मिनिटं स्वतःची नजर, शेड, अदलाबदल हे सगळं रंगवून सांगितलं. साहेबांना पक्ष्यांतलं फारसं कळत नव्हतं, पण ठामपणे बोलणारा माणूस त्यांना आवडायचा. फाईलमध्ये नोंद झाली की मूळ नर देखरेखीतल्या हलगर्जीपणामुळे गहाळ, त्या जागी मादी आढळली. दुसऱ्या उद्यानाने आपल्याकडे नर आलेलाच नाही असं कळवलं. त्याचा अर्थ ते लपवताहेत असा काढण्यात आला, आणि तोही अर्थ पेंटरनेच काढला.

हलगर्जीपणा झाला म्हटल्यावर तो कोणाचा तरी असायला हवा. मावशींना पक्ष्यांवरून काढून फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. बावीस वर्षांनंतर. पेंटरला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आपण बरोबर आहोत या समाधानाखाली ते वाईट वाटणं दडपून गेलं.

असं दीड वर्ष गेलं.

मग उद्यानात नवी डॉक्टर आली. आधीचे डॉक्टर मोठ्या प्राण्यांचे, ते पक्ष्यांकडे लांबूनच बघत. ही तरुण मुलगी येताच सगळ्या फाईली वाचत सुटली आणि पक्षी नीट बघायच्या आधीच, फाईलवर विसंबून, एकट्या राहिलेल्या मादीला जोडीदार हवा म्हणून कुठूनतरी एक नर मागवला. नवा नर आला आणि मधे जाळी ठेवून शेजारच्या कप्प्यात सोडला गेला. आधी दोघांनी एकमेकांना बघावं, मग जाळी काढू, असं ठरलं. पेंटरला हुकूम झाला की जोडीची नवी पाटी करा.

पेंटर सकाळी रंग, ब्रश आणि डबे घेऊन जाऊन बसला. नवा पक्षी खरोखर देखणा होता. पेंटरने डोक्यापासून सुरुवात केली. लाल. छाती, लाल. पंख, काळे, मखमलीसारखे. चोच... चोचीचा वरचा भाग काळा, आणि खालचा, बुडापासून अर्ध्यापर्यंत, चकचकीत पांढरा. जणू कोणी चुना लावून ठेवला आहे. छान खूण आहे, त्याने मनात म्हटलं, आणि सहज म्हणून जाळीपलीकडच्या मादीकडे बघितलं.

तिची चोचही खालून पांढरीशुभ्र होती.

पेंटरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पंखांकडे बघितलं. काळे. तपकिरी नाहीत, करडे नाहीत, काळसर वगैरे काही नाही. सरळ काळे. त्याने मान वळवून स्वतःच्या पाटीकडे बघितलं. तिथे तपकिरी पंख आणि करडी चोच दिमाखात चमकत होती, खाली कोपऱ्यात त्याची सही.

पक्षी विटका कसा झाला ते त्याला अजून कळलं नव्हतं, पण त्याची भीती त्याला वाटतच नव्हती. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. दीड वर्षापूर्वी तो पूर्ण दिवस या पक्ष्यासमोर बसला होता. पंख तेव्हाही काळेच होते आणि त्याला ते दिसले होते. मादी आहे असं एकदा ठरवल्यावर, मादीचे पंख तपकिरी असतात म्हणून, त्याने समोर काळं दिसत असताना तपकिरी रंग कालवला होता. पक्षी बघून रंगवणारा माणूस! आयुष्यात एकदाच पुस्तक बघून रंगवलं, आणि ते नेमकं मावशींच्या मुळावर आलं.

आता खरं तर तडक उठून साहेबांकडे जायला हवं होतं. पेंटर काही गेला नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं, काळ्या रंगाचा डबा उघडला आणि जुन्या पाटीवरच्या पंखावर हळूच हात मारायला सुरुवात केली. पंख काळे करावेत, चोच पांढरी करावी, 'मादी' पुसून 'नर' लिहावं, आणि कोणी विचारलंच तर "पाटी आधीपासून अशीच होती" असं साळसूदपणे सांगावं, असा त्याचा विचार होता. या ठिकाणी तो स्वतःला जो शब्द वापरतो तो गाळला आहे.

"काका, एकच पंख काळा?" मागून आवाज आला. डॉक्टर उभी होती.

पेंटरचा ब्रश डब्यात पडला. तो बाहेर काढायच्या निमित्ताने त्याने मान खाली घातली आणि विचारलं, "डॉक्टर, सहज विचारतो हं. लाल पक्षी विटका होऊ शकतो का? म्हणजे नर असून?"

"होतो ना. या पक्ष्यांचा लाल रंग खाण्यातून येतो. खाण्यातून तो मिळाला नाही तर जुनी पिसं गळून नवी येतात ती फिकी येतात. म्हणून मी यांना ओळखताना लाल रंगाकडे बघतच नाही. आधी चोच बघते, मग पंख. पंखांचा काळा खाण्यावर अवलंबून नसतो, तो टिकतो." बोलता बोलता ती पिंजऱ्याकडे वळली, आणि थबकली. बराच वेळ बघत राहिली. "काका," ती म्हणाली, "ही जाळी काढली असती ना, तर दोन्ही नरांनी एकमेकांचे डोळे फोडले असते."

लाल भुकटी. कोठाराचं "बघू". डबा संपला की पुढची पाटी रंगत नाही, हे जगात कोणाला कळायला हवं असेल तर ते पेंटरला, आणि त्याला ते एका मुलीने समजावून सांगितलं.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, काळ्या पंखाच्या डागडुजीसकट. ती ऐकून घेत होती. एरवी अशा वेळी ती हसली असती.

"मावशींना सांगितलंत?" तिने विचारलं.

"उद्या साहेबांना सांगतो."

"मी साहेबांचं विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर फाटकावर गेला. नोकरीतल्या माणसाला रांग लागत नाही, पण त्याची सरळ पुढे जायची हिंमत होईना, म्हणून तो प्रेक्षकांच्या रांगेत उभा राहिला. पुढे चौदा माणसं होती आणि त्याला ती चारच असल्यासारखी वाटली. मावशी खुर्चीवर बसल्या होत्या. अंगात फाटकावरच्या लोकांचा गडद निळा कोट, पक्ष्यांकडे असताना खाकी असायचा. त्यांनी हात पुढे केला.

"तिकीट."

"मावशी, मी आहे."

"दिसतंय मला. माझी नजर चांगली आहे."

मागे रांग खोळंबली होती. पेंटरने पाठ केलेलं सगळं विसरून एका दमात सांगून टाकलं. तो लाल्याच आहे. पंख काळे होते. मला दिसले होते. मी तपकिरी केले. माझं चुकलं, मावशी, आणि भोगलंत तुम्ही. शेवटी शेवटी त्याचा आवाज फुटला आणि मागच्या एका बाईंनी आपलं पाणी पुढे केलं.

मावशींनी त्या बाईंचं तिकीट फाडून परत दिलं. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

पेंटर तसाच साहेबांकडे गेला. पक्षी नर असल्याचा डॉक्टरचा कागद साहेबांनी आधीच वाचला होता आणि ते अस्वस्थ होते. फाईलमध्ये एकदा लिहिलेलं खोडायचं म्हणजे त्यांना स्वतःची पिसं उपटल्यासारखं होई.

"असं करू," ते म्हणाले, "उन्हामुळे पाटीचा रंग बदलला आणि त्यातून गैरसमज झाला, असं लिहू. कोणालाच त्रास नको."

मोह पडावा असंच होतं ते. उन्हावर ढकललं की ऊन काही तक्रार करत नाही. पेंटरने पाच-सहा सेकंद तो मोह खराखुरा अनुभवला, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. मग त्याने कागद मागून घेतला आणि स्वतःच्या सुबक अक्षरात, पाटीवर लिहितो तसं, लिहिलं: 'पक्ष्याचे पंख काळे असल्याचे मला दिसत होते. तरीही मी ते तपकिरी रंगवले. अदलाबदल झाल्याचे मीच सांगितले. तशी कोणतीही अदलाबदल झालेली नाही. पक्षी सांभाळणाऱ्या बाईंचा यात दोष नाही. त्यांनी मला तेव्हाच खरे सांगितले होते.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "पण दिसत होतं तर रंगवलंत का तसं?"

"आधीच ठरवून बसलो होतो, साहेब."

साहेबांनी कागद ठेवून घेतला. पण त्यांना अजून खात्री वाटेना. डॉक्टर नवी, पेंटर एकदा तोंडघशी पडलेला. "नर आहे हे मान्य," ते म्हणाले. "पण तो आपलाच जुना नर कशावरून? बोलवा मावशींना. बावीस वर्षं पक्षी सांभाळलेत म्हणतात ना, बघू हा त्यांना ओळखतो का."

मावशींना फाटकावरून बोलावून आणलं. साहेब, डॉक्टर आणि पेंटर पिंजऱ्यापाशी उभे होते. मावशींनी पपईची फोड घेतली, दार उघडलं, आत गेल्या आणि हात पुढे केला.

लाल्या ओरडला आणि फडफडत पार टोकाच्या जाळीला जाऊन चिकटला. मावशी एक पाऊल पुढे गेल्या तसा तो आणखी वर चढला.

साहेबांनी भुवया उंचावल्या. मावशींचा हात तसाच पुढे होता. दीड वर्ष ज्याच्यापायी फाटकावर बसल्या तोच त्यांना बघून पळत होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसत होतं.

"बघा," साहेब म्हणाले, "ओळखत नाही."

पेंटरचा जीव टांगणीला लागला होता. आपण लिहिलेल्या त्या कागदाचं आता काही खरं नाही, मावशी पुन्हा फाटकावर जाणार, आणि या वेळी कायमच्या. तो मावशींकडे बघत राहिला. काही ठरवून बघत नव्हता, कारण ठरवायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. नुसता बघत होता. मावशी, त्यांचा हात, पपईची फोड, निळी बाही.

"साहेब, कोट!" तो एकदम ओरडला. "त्याने मावशींना या कोटात कधी बघितलंच नाही. इथे खाकी असायचा. तो रंगावर गेलाय, साहेब, माझ्यासारखाच!"

मावशींनी खाली बघितलं, स्वतःच्या बाहीकडे. मग फोड तोंडात धरून दोन्ही हातांनी कोटाची बटणं सोडली, कोट दाराबाहेर डॉक्टरच्या हातात दिला, फोड पुन्हा बोटांत घेतली, आणि जागेवरच उभ्या राहून जिभेने टक् टक् असा आवाज केला.

लाल्याने मान तिरकी केली. एक फांदी खाली आला. थांबला. आणखी एक. पुन्हा टक् टक्. मग तो सरळ झेप घेऊन मावशींच्या मनगटावर येऊन बसला आणि त्यांच्या बोटांतली पपई ओढू लागला. ओढताना चोच उघडली की खालचा पांढरा भाग उन्हात लखलखत होता. अंगाने विटका, फाटक्या पताकेसारखा, पण पंख कसे, काळेभोर.

साहेब घसा साफ करून म्हणाले की आदेश आजच निघेल, आणि ती भुकटीही मागवली जाईल. डॉक्टरने डोळे पुसले. पेंटरनेही पुसले असते, पण त्याच्या हाताला कालचा काळा रंग अजून होता.

मावशी पक्ष्यावरची नजर न काढता त्याला म्हणाल्या, "पेंटर, बघितलंत ना? कपड्याच्या रंगावरून फसायला याला एक क्षण लागला, आणि चूक सुधारायला दोन मिनिटं. तुम्हाला दीड वर्ष लागलं."

पेंटर म्हणाला, "हो, मावशी."